रवळनाथाचा व्हिसा

कोकणात येऊन गेलेली माणसं कोकणाबद्दल फार छान लिहितात. दोन-तीन दिवस राहायचं, मासे खायचे, होडीतून किल्ला बघायचा, माडाला टेकून फोटो काढायचा आणि घरी गेल्यावर ‘स्वर्ग’ हा शब्द निदान एकदा वापरायचा. माझी अडचण अशी की माझ्याकडे परतीचं तिकीट नव्हतं. मी मस्कतहून जामसंड्याला आले ती बापाच्या घरी राहायला. स्वर्गात बाडबिस्तरा घेऊन येणाऱ्याला पाण्याची मोटर कधी जळते, शेजारीण खिडकीतून केव्हा डोकावते आणि वायफाय कोणाच्या अंगणात उभं राहिलं की येतं, ह्याची माहिती लागते. ती मला कोणत्याही प्रवासवर्णनात सापडली नाही. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावी.

माझा पासपोर्ट भारताचा, पण कळायला लागल्यापासून मी मस्कतची. आई नर्स, माहेर सांगलीचं. तिला तिकडे नोकरी लागली तेव्हा बाबाही येणार होते. त्यांचा व्हिसा आला होता, बॅग भरून दारात ठेवली होती. मग बाबा गावच्या रवळनाथाला कौल लावायला गेले. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या मूर्तीवर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने मांडतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबांची डावी पडली. ते घरी आले आणि त्यांनी बॅग रिकामी केली. आई मला काखोटीला मारून एकटीच विमानात बसली.

आईने मला ही कहाणी वर्षानुवर्षं एकाच वाक्यात सांगितली: “तुझ्या बापाला दगडाने सांगितलं जाऊ नको, आणि तो राहिला.” सुट्टीत आम्ही यायचो ते सांगलीला. जामसंड्याला जायचं ते पाहुण्यासारखं, एखादा दिवस, बॅग न उघडता.

आखाती देशांचा नियम सरळ असतो. नोकरी आहे तोवर तुम्ही त्यांचे, नोकरी गेली की तुम्ही तुमच्या देशाचे, मग तो देश तुम्ही नीट पाहिलेला असो वा नसो. मी एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. ते हॉटेल बंद झालं. आईने मध्यंतरी एका सज्जन, मितभाषी मल्याळी गृहस्थांशी लग्न केलं होतं आणि त्यांच्या फ्लॅटमध्ये माझी जागा सोफ्याच्या लांबीएवढी होती. शिवाय कमावत्या वयाच्या मुलीला आईच्या व्हिसावर राहता येत नाही. अशात बाबांचा फोन आला. “ये हय,” एवढंच म्हणाले.

“आधी त्या दगडाला विचारलंय का, ते विचार,” आई म्हणाली.

मोपा ते जामसंडे

मोपाच्या विमानतळाच्या दारात बाबा हातात स्टीलचा डबा घेऊन उभे होते. बाकीच्यांकडे नावाच्या पाट्या होत्या, फुलं होती. डब्यात आंबोळ्या होत्या आणि वाटीभर चटणी. “विमानात काय धड खावक देनत नाय,” ते म्हणाले, आणि एवढ्या वर्षांनी भेटलेल्या बापलेकींचं स्वागतपर भाषण संपलं. गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी निमूटपणे आंबोळी खाल्ली. चांगली होती, हे कबूल करेपर्यंत कणकवली आली.

मस्कतला रस्त्यावर कॅमेरा दिसला की गाड्या हळू होतात. इथे देऊळ दिसलं की होतात. ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा एक हात छातीला लावायचा, बाबा दोन्ही हात जोडायचे आणि मी वळणाकडे बघत जीव मुठीत धरायचे. असं बरंच अंतर कापल्यावर मी न राहवून विचारलं, “बाबा, माझ्यासाठी लावला होता का कौल?”

“लायल्लो मां.”

“मग? काय दिला देवाने?”

बाबांनी खिडकीबाहेरच्या काजूंच्या झाडांकडे बघितलं. “तू इलंस मां?”

म्हणजे उजवा. झालं तर! ओमानचा व्हिसा मला तिथल्या सरकारने नाकारला आणि जामसंड्याचा रवळनाथाने मंजूर केला. मी हा विनोद तिथल्या तिथे मेसेज करून आईला पाठवला आणि तिने हसणारी तोंडं पाठवली. मला मात्र आतून झोंबलं. त्या दिवशी उजवी पाकळी जरा जास्त ओली असती, चिकटून राहिली असती, तर बाबांनी मला बोलावलंच नसतं. एका पाकळीमुळे माझा बाप गेला आणि एका पाकळीमुळे परत मिळाला. ह्या व्यवहारात बापाला स्वतःला काय हवं होतं ते कुठेच आलं नव्हतं, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

जामसंडे

बाबांनी माझ्यासाठी खोली तयार ठेवली होती. पलंग, आरसा, भिंतीला गुलाबी रंग आणि त्यावर कोराकरकरीत एसी. “तुमच्या थंय एसीबिगर झोपनत नाय म्हणान ऐकलंय,” ते जरा ऐटीत म्हणाले. एसी सुरू केला की घरातले दिवे मिणमिणायचे, फ्रिज कण्हायचा आणि शेजारच्या सुलूकाकी अंगणातून ओरडायच्या, “अण्णा, चेडवाक थंड झाली काय? आमचो टीव्ही बंद पडलो!” गावात बाबांना सगळे अण्णा म्हणतात, आणि मुलीला चेडू. दोन दिवसांनी मी एसी बंद केला आणि सुलूकाकींची मालिका सुखरूप पार पडली.

सुलूकाकी हे आमच्या वाडीचं इमिग्रेशन खातं. मस्कतच्या खिडकीवरचा अधिकारी तुमच्याकडे न बघता शिक्का मारतो, काकी शिक्का न मारता नुसत्या बघतात. वय, शिक्षण, आईचा नवीन नवरा काय खातो, माझं लग्न का झालं नाही, अशी सगळी तपासणी पायरीवर बसून झाली. शेवटचा प्रश्न मात्र इथे मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने विचारला.

“पण गो बाय, मस्कत सोडून हय कित्या इलंस?”

देवगडच्या बंदरावर मासे घ्यायला गेले तिथेही हाच प्रश्न. हमीदाचाची तिथे सुरमईच्या ढिगाऱ्यामागे बसतात. त्यांचा नवरा मस्कतला, मुलगा दुबईला. मी कुठून आले ते कळल्यावर त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. “आमचे सगळे हयसून थंय गेले आणि तू थंयसून हय? काय चुकलां काय तुझां?” आणि मग बिचारीला कोणी टाकून दिली की काय अशा दयेने त्यांनी मला एक बांगडा वर घातला. मस्कतला मासा मिळायचा तो साफ करून, कापून, पांढऱ्या ट्रेमध्ये प्लास्टिक ताणून बसवलेला. तो कोणाचा कोण ते कळायचं नाही. इथला बांगडा डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत घरापर्यंत आला.

त्या बांगड्याच्या तिखल्यातच मी पहिला मार खाल्ला. रश्श्यात मिरीपेक्षा मोठे काळे दाणे तरंगत होते. मी एक दाणा कडकन चावला. जीभ बधिर झाली, मग ओठ, मग हनुवटी. मला वाटलं अर्धांगवायूचा झटका आला. बाबा ताटावरून उठले. “ता तिरफळ खावचा नसता गो! ता नुसता वासाक!” मी बधिर तोंडाने त्यांना सुनावायचा प्रयत्न केला की खायची नसलेली वस्तू जेवणात घालणारा हा जगातला एकमेव प्रदेश असावा, पण तोंडातून नुसती लाळ आली. बाबा तेव्हा पहिल्यांदा हसले. त्यांचे पुढचे दात माझ्यासारखेच एकावर एक चढलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

हळूहळू घराचा कारभार लक्षात आला. विहिरीवरचा पंप बदलावा की दुरुस्त करावा, गाय विकावी की ठेवावी, दुखरा गुडघा कोल्हापूरच्या डॉक्टरला दाखवावा की मुंबईच्या, सगळं देवाला विचारून. रवळनाथाला गुडघ्यातलं इतकं कळतं हे मला नवीन होतं. बाळा गुरव सकाळी देवळात पाकळ्या लावतो आणि दुपारनंतर नाक्यावर मोबाईलचे रिचार्ज मारतो. गावाचं वर आणि खाली दोन्हीकडचं संपर्कखातं एकाच माणसाकडे. एकदा मी रिचार्ज करताना त्याला विचारलं, “माझा कौल तुम्हीच लावलात ना? उजवी लगेच पडली का?”

त्याने मान वर केली नाही. “तां तुझ्या बापाशीक इचार,” म्हणाला, आणि कोणाचा तरी नंबर दोनदा चुकीचा दाबला.

थंडीत आंब्यांना मोहोर आला, मग आभाळ भरून राहिलं आणि मोहोर काळा पडला. बाबा रोज कलमांखाली हात मागे बांधून उभे राहायचे. वाडीतली माणसं जमून कुजबुजायची आणि मी गेले की गप्प व्हायची. मला वाटलं माझ्या जीन्सवर चर्चा चालते. मी मुद्दाम गुडघ्यावर फाटलेली घालायला लागले.

देवबाग

नोकरी शोधणं भाग होतं. देवबागला एका होमस्टेच्या मालकांना पाहुण्यांशी इंग्रजीतून बोलणारं आणि बुकिंग सांभाळणारं माणूस हवं होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. त्या पट्टीवर मावतील तेवढे पर्यटक, आणि न मावणारे दोरीला बांधून आकाशात सोडलेले. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं होड्यांतून डॉल्फिन शोधत होती आणि डॉल्फिन बहुधा त्यांना चुकवत होते. ‘अस्सल मालवणी नाश्ता’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी मला ब्रेड-जॅम मिळाला. एका गृहस्थांनी मलाच स्थानिक समजून विचारलं, “इथे भरती किती वाजता सुरू करतात?”

मी त्यांना सांगितलं की आज ऑपरेटर आलेला नाही. मालकांनी ते ऐकलं आणि मला तिथेच नोकरी दिली. ऑफिसातलं बोलणं म्हणून ते जपून पुस्तकी मराठी बोलत होते. “राहण्याची सोय आमच्याकडे आहे, मॅडम. होळी झाली की रुजू व्हा.”

घरी आले तेव्हा बाबा पडवीत आंब्याच्या पेट्यांमध्ये पेंढा भरत होते. फळ थोडं, म्हणून पेट्याही थोड्या. मी नोकरीचं सांगितलं. तिथेच राहावं लागेल, रोज येणं-जाणं जमणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी नुसतं जमिनीवर सांडलेलं गवत गोळा केलं.

“बघूया. देवाक इचारूया.”

माझं डोकं फिरलं. इतके महिने विनोद करून दाबलेलं सगळं तोंडाशी आलं. “मी यायचं देवाला विचारून, जायचं देवाला विचारून! आईला सोडलंत तेही त्यालाच विचारून. तुम्हाला स्वतःला काही वाटतं की नाही? मी इथे राहावं असं तुम्हाला वाटतं का? देवाला नाही, तुम्हाला. एकदा तरी सांगा ना!”

बाबांनी पेटीतला पेंढा पुन्हा सारखा केला. कुंपणापलीकडे सुलूकाकींचा झाडू थांबला.

“आदी जेव,” ते म्हणाले.

जेवले. आणि हात धुवून देवबागच्या मालकांना कळवून टाकलं की होळीनंतर येते. ज्या माणसाला आपण हवे आहोत की नको हे पाकळीला विचारावं लागतं, त्याच्या घरात बसून राहण्यात मला आता अपमान वाटत होता.

रवळनाथाचं देऊळ

इथे आंब्याची पहिली पेटी मुंबईला जाण्याआधी देवापुढे ठेवतात. मी जाणार नव्हते. पण सुलूकाकी आल्या आणि म्हणाल्या, “जावचां तर जा, पण देवाक हात जोडून जा,” आणि माझा दंड धरून मला घेऊनच गेल्या.

देवळात सगळी वाडी जमली होती. पुढे पेट्या मांडल्या होत्या, बाबांची सगळ्यांत कडेला. बाळा गुरव रिचार्जवाला वाटत नव्हता, सोवळं नेसून गंभीर झाला होता. तात्या, वाडीतले सगळ्यांत वयस्कर मानकरी, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे खणखणीत आवाजात मांडलेली तक्रार आणि मागणी. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणून दुजोरा द्यायचा. हॉटेलात तक्रारी ऐकून घेणं हे माझंच काम होतं, पण आमच्याकडच्या गिऱ्हाइकांच्या मागे असा कोरस नसायचा. असता तर आम्ही टॉवेल वेळेवर बदलले असते.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुझी ही लेकरां पयली पेटी घेवन तुझ्या पायाकडे इली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

खरं सांगते, मजा येत होती. दुसऱ्या वाक्यापासून मीही ओरडायला लागले.

“ह्या वर्साक मोहोर जळलो, फळ कमी धरला, लेकरांचो जीव घाबरलो!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या ह्या अण्णान तुझो डावो कौल मोडल्यान! चेडवाक हाडू नको म्हणान तू सांगलंस, तरी तेना तेका मस्कतातसून घराक हाडल्यान!”

“व्हय म्हाराजा!” मी सगळ्यांबरोबर गळा काढून ओरडले. घुमट दणाणला. आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात पोचलं.

डावा! डावी पाकळी पडली होती. देव नाही म्हणाला होता, आणि ज्यांनी गुडघासुद्धा देवाला विचारल्याशिवाय डॉक्टरला दाखवला नाही त्या बाबांनी मला फोन करून ‘ये हय’ म्हटलं होतं. हे बाळाला माहीत होतं, सुलूकाकींना माहीत होतं, सगळ्या वाडीला माहीत होतं. मोहोर जळला तेव्हा वाडीने त्याचा हिशेब कोणाच्या नावावर मांडला तेही मला आता कळलं. माझी जीन्स बिचारी निर्दोष होती.

तात्या गाऱ्हाणं थांबवून बाबांकडे वळले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, समजुतीचा होता. “अण्णा, झालां तां झालां. देवाच्या फुड्यात चूक कबूल कर. आता परत कौल लावया. उजवो दिल्यान तर तुझां चेडू रवतलां, आमचोय घोर जायत.”

बाळाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या. सगळे मूर्तीकडे बघायला लागले आणि मला धडकी भरली. ज्या दगडाची मी इतके दिवस टिंगल केली त्याच्यापुढे मी नकळत हात जोडले होते. डावी पडली तर? भरल्या देवळात, सगळ्या वाडीसमोर पडली तर?

“नको रे बाळा,” बाबा म्हणाले.

बाळाचा हात तसाच राहिला. “कित्या?”

“परत डावो दिल्यान तर परत मोडूचो लागतलो. देवाक उगाच कित्या तरास?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकला काढला. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “अरे पण अण्णा, देवाचां ऐकूक नको?”

“ऐकलंय मां येकदा,” बाबा म्हणाले.

एकदा म्हणजे कधी, हे तिथल्या एकालाही विचारायची गरज नव्हती. सुलूकाकींनी माझा दंड अजून धरलेला होता, तो त्यांनी जरा जास्तच आवळला. बाबा खाली फरशीकडे बघत होते, चूक पकडलेल्या पोरासारखे, पण पेटीपाशी पाय घट्ट रोवून उभे होते.

आता पंचाईत तात्यांची. गाऱ्हाणं अर्धं टाकता येत नाही. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, उपरणं सावरलं आणि हात जोडून पुन्हा देवाकडे तोंड केलं.

“बा म्हाराजा! ह्यो आमचां ऐकणारो नाय, तुझांय ऐकणारो नाय. तेव्हा आता तूच जरा ह्याचां ऐक! ह्याच्या चेडवाक सांभाळ, ह्याच्या कलमांक सांभाळ, काय चुकला माकला आसात तां पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळं देऊळ ओरडलं, बाळासुद्धा. मला ओरडता आलं नाही. मी रडत होते, चांगली हमसाहमशी रडत होते, आणि नाक पुसायला माझ्याकडे काही नव्हतं. बाबा माझ्या बाजूला सरकले आणि देवाकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, “गप रव. रडलंस तर देवाक वाटात, तूच जावक बघतंस.”

“नाही जात,” मी म्हटलं.